घरपट्टी वाढवायची का, हे तुम्हालाच विचारतात तेव्हा: वॉशिंग्टन राज्यातल्या नव्या मराठी मतदारांसाठी

नागरिकत्वाची शपथ झाली, मतदार नोंदणी झाली, की माणूस राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची वाट पाहू लागतो. प्रत्यक्षात पहिली मतपत्रिका अनेकदा फेब्रुवारीत किंवा एप्रिलमध्येच टपालाने येते आणि तिच्यावर एकाही उमेदवाराचं नाव नसतं. असतो एक प्रश्न. शाळांसाठी, अग्निशमन दलासाठी किंवा उद्यानांसाठी कर वाढवायला तुमची मंजुरी आहे का? कितीतरी घरांत हा लिफाफा दुकानांच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात जातो. तो जाऊ नये, म्हणून हा लेख.

महाराष्ट्रात घरपट्टी-पाणीपट्टीचे दर महापालिका नाहीतर ग्रामपंचायत ठरवते. आपण नगरसेवक निवडतो, दरावर मत देत नाही. एखाद्या स्थानिक प्रश्नावर थेट मत द्यायची आपली ओळख असलीच, तर ती गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठीच्या 'आडवी बाटली'च्या मतदानातून. वॉशिंग्टन राज्यात मात्र शहर, काउंटी, शाळा जिल्हा, अग्निशमन जिल्हा यांना ठराविक मर्यादेपलीकडे घरपट्टी वाढवायची असेल, तर मतदारांपुढे यावंच लागतं. मी इथे किंग काउंटीची, म्हणजे सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश या पट्ट्याची उदाहरणं घेतली आहेत, कारण आपली बरीच मंडळी इथे आहेत. राज्याचे नियम सगळीकडे तेच.

आधी हे मत का मागतात ते समजून घ्या

हा भाग सावकाश वाचा. बाकीचं सगळं यावर उभं आहे.

वॉशिंग्टनमध्ये पगारावर आयकर नाही. त्यामुळे स्थानिक संस्थांचा मुख्य आधार दोन गोष्टींवर: घरपट्टी आणि विक्रीकर. घरपट्टीवर २००१ साली मतदारांनीच इनिशिएटिव्ह ७४७ (नागरिकांनी मतदानाला आणलेला प्रस्ताव) मंजूर करून लगाम घातला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो रद्द ठरवला, पण विधिमंडळाने त्याच वर्षी खास अधिवेशन घेऊन तीच मर्यादा कायद्यात परत आणली. मर्यादा अशी: शहराला किंवा काउंटीला आपली नेहमीची घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला जास्तीत जास्त १ टक्का वाढवता येते. नव्या बांधकामावरचा कर त्यात वरून मिळतो.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. १ टक्क्याची मर्यादा तुमच्या बिलावर नाही, एकूण वसुलीवर आहे. आणि घराची किंमत वाढली म्हणून शहराला आपोआप जास्त पैसे मिळत नाहीत. एक कल्पित शहर घेऊ. वसुली १ कोटी डॉलर, शहरातल्या सगळ्या मालमत्तेची किंमत ५०० कोटी डॉलर. म्हणजे दर झाला हजार डॉलरच्या किमतीमागे २ डॉलर. पुढच्या वर्षी सगळ्यांच्याच घरांच्या किमती १० टक्क्यांनी वाढल्या आणि नवं बांधकाम काहीच झालं नाही, असं धरा. शहराला मिळणार १ कोटी १ लाखच, पण किंमत झाली ५५० कोटी. दर आपसूक १ डॉलर ८४ सेंटच्या आसपास खाली येतो. तुमचं १० लाखांचं घर ११ लाखांचं झालं तरी त्या शहराचा कर २,००० वरून २,०२० डॉलरच होतो. तुमच्या घराची किंमत शेजाऱ्यांपेक्षा जास्त वाढली, तरच तुमचा वाटा वाढतो.

आता शहराच्या बाजूने पाहा. अग्निशामकांचे पगार, आरोग्य विमा, रस्त्याचं डांबर, वीज, सगळं महागाईच्या वेगाने वाढतं. ज्या वर्षी महागाई ४ टक्के, त्या वर्षी १ टक्का वाढीत खर्च भागत नाही. तूट दरवर्षी साचत जाते आणि काही वर्षांनी शहराला दोनच वाटा उरतात: सेवा कमी करणं किंवा लोकांकडे जाणं. म्हणून या प्रस्तावांकडे लगेच 'उधळपट्टी' म्हणून पाहू नये, असं मला मनापासून वाटतं. तसंच चांगल्या कामाचं नाव आहे म्हणून डोळे मिटून होकारही देऊ नये. प्रस्ताव वाचायला पंधरा मिनिटं लागतात. ती द्यावीत.

तुमचं घर कोणकोणत्या हद्दीत येतं ते काढा

इथे एका घरावर एकाच वेळी अनेक संस्थांचा कर असतो: राज्य, काउंटी, शहर, शाळा जिल्हा, बंदर, ग्रंथालय, काही भागांत अग्निशमन जिल्हा आणि रुग्णालय जिल्हा, शिवाय लाइट रेल चालवणारं साउंड ट्रान्झिट. बिल एकच येतं, वाटेकरी अनेक. या हद्दी शहराच्या सीमेशी जुळतातच असं नाही. समामिशचा उत्तर भाग लेक वॉशिंग्टन शाळा जिल्ह्यात आणि दक्षिण भाग इसाक्वा शाळा जिल्ह्यात येतो. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन मित्रांच्या मतपत्रिका वेगळ्या असू शकतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी 'अमुक प्रस्तावाला मत द्या' असं टाकलं, तर आधी तो तुमच्या मतपत्रिकेवर आहे का ते पाहा.

यासाठी काउंटी असेसरच्या, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर आपला पत्ता टाका. किंग काउंटीत असेसरने करदात्यांसाठी एक साधन ठेवलं आहे. त्यात तुमच्या घराचा कर कोणाकोणाला किती जातो हे दिसतं आणि येऊ घातलेल्या प्रस्तावाने तो अंदाजे किती वाढेल हेही कळतं. घराचा हप्ता भरणाऱ्यांची घरपट्टी बऱ्याचदा बँकच परस्पर भरते, त्यामुळे मालकाने ती पावती कधी नीट पाहिलेलीच नसते. एकदा बसून पाहाच.

भाड्याने राहत असाल, तरी मतदार म्हणून तुमचा हक्क तोच. कर घरमालकाच्या नावावर असतो, पण तो कधी ना कधी भाड्यात उतरतोच. आणि रुग्णवाहिका बोलावल्यावर येते ती तुमच्याही दारी.

प्रस्तावाचा मजकूर: पाच गोष्टी शोधा

स्थानिक प्रस्तावाचं वर्णन कायद्याने ७५ शब्दांत बसवावं लागतं. ते सरकारी वकील किंवा शहराचा वकील लिहितो. त्यामुळे ते कोरडं असतं, पण एकही शब्द वाया गेलेला नसतो. त्यात काय शोधायचं?

पहिली गोष्ट म्हणजे प्रकार. लेव्ही म्हणजे घरपट्टीची आकारणी, आणि 'लेव्ही लिड लिफ्ट' म्हणजे १ टक्क्याचं झाकण उचलून वसुली वाढवायची परवानगी. शहरं आणि काउंट्या बहुधा हीच मागतात. शाळांची लेव्ही वेगळी: तिच्यात दरवर्षी वसूल करायची ठराविक रक्कम लिहिलेली असते आणि दर हा फक्त अंदाज असतो. बॉण्ड म्हणजे कर्ज. ते इमारतीसारख्या भांडवली कामासाठीच काढता येतं आणि साधारण वीसेक वर्षं घरपट्टीतून फेडलं जातं. शाळांची माहितीपत्रकं 'लेव्ही शिकवण्यासाठी, बॉण्ड बांधण्यासाठी' असं सांगतात. बहुतांशी ते खरं आहे, पण इमारती आणि संगणकांसाठीची भांडवली लेव्हीही असते, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, मुदत. सहा वर्षं, नऊ वर्षं की कायमची? माझ्या मते सगळ्यांत वजनदार शब्द हाच. कायमच्या लिड लिफ्टमध्ये वाढलेली वसुली हाच पुढच्या सगळ्या वर्षांचा पाया होतो. मुदतीच्या प्रस्तावात संस्थेला काही वर्षांनी पुन्हा तुमच्यापुढे हिशेब घेऊन यावं लागतं. कायमचा प्रस्ताव वाईटच असतो असं नाही. रोजच्या सेवेचा पगार सहा-सहा वर्षांच्या टेकूवर ठेवणंही बरं नव्हे. पण तुम्ही कशाला हो म्हणता आहात, हे माहीत असू द्या.

तिसरी गोष्ट: नवा कर की जुन्याचं नूतनीकरण? किंग काउंटीतल्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेची लेव्ही १९७९ पासून मतदार मंजूर करत आले आहेत. अशा वेळी 'नाही'चा अर्थ कर आहे तेवढा राहील असा नसतो. चालू सेवेचा पैसा थांबेल, असा असतो. मात्र नूतनीकरण या शब्दानेही निश्चिंत होऊ नका. घरांच्या किमती वाढत गेल्या की मुदतीच्या लेव्हीचा दर दरवर्षी खाली सरकतो. नूतनीकरणात तो परत वर नेला, तर बिल वाढतंच. २०१९ मध्ये या लेव्हीचा पहिल्या वर्षाचा दर हजारी २६.५ सेंट मंजूर झाला होता. पुढच्या वर्षांत प्रत्यक्ष दर त्याहून खाली गेला.

चौथी, पहिल्या वर्षानंतर वाढ किती? काही लिड लिफ्टमध्ये पहिल्या वर्षानंतर पुन्हा १ टक्क्याची मर्यादा लागते, तर काहींत सहा वर्षांपर्यंत महागाईइतकी किंवा ठराविक टक्क्यांची वाढ मागितलेली असते. ती ओळ शेवटी असते आणि घाईत सुटते.

पाचवी गोष्ट, पैसा नेमका कशाला? 'सार्वजनिक सुरक्षा' एवढंच लिहिलं असेल, तर नगर परिषदेने केलेला मूळ ठराव उघडून वाचा. किती अग्निशामक आणि कोणतं केंद्र, हे त्यात असतं.

तुमच्या घराचा आकडा काढा

हिशेब सोपा आहे. घराची असेसरने धरलेली किंमत घ्या (बाजारभाव नाही), हजाराने भागा, दराने गुणा. एप्रिल २०२३ मध्ये किंग काउंटीने मानसिक आरोग्याच्या तातडीच्या उपचारांसाठी पाच केंद्रं उभारायला नऊ वर्षांची लेव्ही मागितली आणि ती मंजूर झाली. दर हजारी १४.५ सेंट. १० लाख डॉलरच्या घराला वर्षाला १४५ डॉलर, महिन्याला साधारण १२.

लिड लिफ्टच्या वेळी मात्र फरक काढा. वरच्या कल्पित शहराने १ डॉलर ८४ सेंटचा दर २ डॉलर २० सेंटवर नेण्याची परवानगी मागितली, तर ११ लाखांच्या घराला नवा बोजा २,४२० डॉलरचा नाही, सुमारे ४०० डॉलरचा. विरोधक पूर्ण आकडा सांगतात, समर्थक 'दिवसाला एक डॉलर' म्हणतात. तुम्ही वर्षाचा फरक काढा आणि तो आधीच्या सगळ्या मंजूर लेव्हींच्या बेरजेत ठेवून पाहा. एकेकटा प्रस्ताव नेहमी स्वस्तच वाटतो.

सगळेच प्रस्ताव घरपट्टीचे नसतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये साउंड ट्रान्झिटच्या तिसऱ्या टप्प्यासाठी मतदारांनी विक्रीकरात अर्धा टक्का, गाडीच्या किमतीवर वाढीव ०.८ टक्का आणि घरपट्टीत हजारी २५ सेंट, असं तिन्ही एकत्र मंजूर केलं. रेडमंडच्या बाजारपेठेपर्यंत मे २०२५ मध्ये पोहोचलेली लाइट रेल त्या मतदानाचं फळ आहे. गाडीच्या नोंदणीचं बिल पाहून कळवळलेली मंडळीही त्याच मतदानाची.

घरात ६१ किंवा त्याहून जास्त वयाचे ज्येष्ठ असतील आणि घर त्यांच्या नावावर असेल, तर उत्पन्नाच्या मर्यादेत बसल्यास घरपट्टीत मोठी सूट मिळते. आई-वडील नुसते सोबत राहतात आणि घर मुलाच्या नावावर आहे, तर ती लागू होत नाही.

किती मतं लागतात?

लिड लिफ्टला साधं बहुमत पुरतं. शाळांच्या लेव्हीलाही २००७ च्या घटनादुरुस्तीपासून साधं बहुमत पुरतं. शाळांच्या बॉण्डला मात्र ६० टक्के लागतात. शिवाय आधीच्या सार्वत्रिक निवडणुकीत जेवढ्यांनी मत दिलं, त्यांच्या किमान ४० टक्के मतदान व्हावं लागतं. म्हणजे बॉण्डच्या वेळी घरी बसणं हासुद्धा एक परिणाम घडवणारा निर्णय आहे.

लेक वॉशिंग्टन शाळा जिल्ह्याने फेब्रुवारी २०१८ मध्ये २९ कोटी ९० लाख डॉलरचा बॉण्ड मांडला. निम्म्याहून जास्त मतदारांनी हो म्हटलं, तरी ६० टक्के न गाठल्याने तो पडला. मुलं वाढत होती, वर्ग पुरत नव्हते. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये जिल्ह्याने १२ कोटी डॉलरची भांडवली लेव्ही मांडली आणि ती साध्या बहुमताने मंजूर झाली. कमी रक्कम, वेगळा प्रकार. या जिल्ह्यातल्या शाळांत आपली कितीतरी मुलं शिकतात, आणि त्या दोन्ही मतदानांत त्यांच्या पालकांपैकी किती जणांनी लिफाफा उघडला असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

पडलेला प्रस्ताव पुन्हा आणता येतो. एव्हरेटच्या उत्तरेला मेरिझव्हिल शाळा जिल्ह्याची लेव्ही २०२२ मध्ये लागोपाठ दोनदा पडली आणि २०२३ मध्ये मंजूर झाली. मधल्या काळात झालेली कपात मुलांनी सोसली. 'सुधारित प्रस्ताव आणा, मग हो म्हणू' अशी भूमिका घ्यायला हरकत नाही. पण मधलं वर्ष फुकट मिळत नाही, हेही मनात असू द्या.

दोन्ही बाजू कुठे वाचायच्या?

मतदार पुस्तिकेत समर्थनाचं आणि विरोधाचं निवेदन शेजारीशेजारी छापतात. कधी विरोधाचं निवेदन द्यायला कुणी पुढेच येत नाही आणि जागा रिकामी राहते. त्याचा अर्थ विरोधाचे मुद्दे नाहीत असा घेऊ नका.

शाळा किंवा शहर सरकारी पैशाने आणि साधनांनी प्रचार करू शकत नाही. त्यांना फक्त वस्तुनिष्ठ माहिती देता येते. त्यामुळे मुख्याध्यापकांच्या ईमेलमध्ये 'हो म्हणा' असं नसतं, आणि नसावंच. प्रचार करणाऱ्या समित्यांना पैसा कोण देतं, हे राज्याच्या पब्लिक डिस्क्लोजर कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. मी तरी देणगीदारांची यादी वाचल्याशिवाय मत ठरवत नाही.

मतपत्रिका मराठीत येत नाही. म्हणून आपल्या मंडळांनी यात उतरावं. करमुक्त सेवाभावी संस्थेला उमेदवाराचा प्रचार करायला बंदी आहे. पण कराच्या प्रस्तावाबद्दल माहिती द्यायला, दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना बोलवायला बंदी नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाला जमणाऱ्या गर्दीतल्या थोड्यांनी जरी असा एक तास दिला, तरी ज्येष्ठ मंडळींना कागद समजेल.

मत भरणं आणि सही

मतपत्रिका मतदानाच्या दिवसाच्या १८ दिवस आधी टपालात पडते. परत पाठवायला तिकीट लागत नाही. नोंदणी ऑनलाइन करायची असेल तर ८ दिवस आधीपर्यंत करता येते, आणि प्रत्यक्ष निवडणूक कार्यालयात जाऊन मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत. मतपेट्याही त्याच वेळी बंद होतात. शेवटच्या दिवशी टपालपेटीवर विसंबू नका. शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडला तर मत बाद होतं. मतपेटीतच टाका.

लिफाफ्यावरची सही तुमच्या नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. आपल्यातले काही जण ड्रायव्हिंग लायसन्सवर देवनागरीत सही करतात आणि बाकी कागदांवर इंग्रजीत. नोंदीत जी आहे तीच करा. न जुळल्यास काउंटीकडून पत्र येतं. त्याला उत्तर दिलं की मत मोजलं जातं. ते पत्र टाकून देऊ नका.

ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असाल, तर मत देऊ नका आणि नोंदणीही करू नका. चुकून केलेल्या नोंदणीनेही पुढचं नागरिकत्व अडचणीत येऊ शकतं. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न आला, तर स्पष्ट 'नाही' सांगा. पण प्रस्ताव मतपत्रिकेवर येण्याआधी नगर परिषदेच्या आणि शाळा मंडळाच्या उघड्या बैठका होतात. तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. कर तुम्हीही भरता. प्रस्तावाचा आकार तिथेच ठरतो, त्यामुळे तिथलं तीन मिनिटांचं बोलणं कधीकधी मतापेक्षा जास्त पोहोचतं.

दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्यांसाठी एवढंच: नियम तिथे वेगळे. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे कराची चौकटच निराळी, आणि शाळांच्या बॉण्डला २००० पासून ५५ टक्के पुरतात. न्यू जर्सीत स्थानिक वसुलीवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. टेक्सासमध्ये २०१९ पासून शहरांना आणि काउंट्यांना ३.५ टक्क्यांपलीकडे जायचं तर मतदारांना विचारावं लागतं. वरचे पाच प्रश्न मात्र सगळीकडे विचारता येतात.

निकाल लागल्यावर

पहिल्या रात्रीचा आकडा अंतिम नसतो. टपालातली मतं पुढे कित्येक दिवस मोजतात. निकालावर शिक्कामोर्तब फेब्रुवारी-एप्रिलच्या निवडणुकीत १० दिवसांनी, तर नोव्हेंबरच्या निवडणुकीत २१ दिवसांनी होतं. मंजूर झालेला कर बहुधा पुढच्या वर्षीच्या बिलात दिसतो. त्याचा पहिला हप्ता ३० एप्रिलपर्यंत आणि दुसरा ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो.

मतदार पुस्तिकेतलं ते पान फोटो काढून जपून ठेवा. मानसिक आरोग्य केंद्रांच्या लेव्हीची वसुली २०२४ ते २०३२ अशी आहे. पाचपैकी किती केंद्रं उघडली, त्यातलं मुलांसाठीचं कुठे आहे, हे दरवर्षी विचारता येईल. अशा लेव्हींवर देखरेख करणाऱ्या नागरिक समित्याही असतात. त्यांच्या बैठका खुल्या असतात आणि त्यांतल्या जागांसाठी काउंटी वेळोवेळी अर्ज मागवते. आकडेमोडीत मुरलेल्या आपल्या मंडळींपैकी कुणीतरी तिथे अर्ज करायला हवा.